अष्टागरातल्या कसत्या वाडीत तंबू लावताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : ठाण्यातील दोन कुटुंबे, चार मोठी माणसे आणि सहा ते बारा वर्षांची चार मुले, जानेवारीत तीन रात्रींसाठी अलिबागकडे येऊ इच्छितात. रिसॉर्ट नको आहे, स्वतःचे दोन तंबू आहेत, आणि जेथे खरोखर शेती चालते अशा समुद्राजवळच्या जागी राहायचे आहे. तंबू कोठे लावावा, मुलांना शेतातले काम करता येईल का आणि कशाची काळजी घ्यावी, हे आपण विचारले आहे. माझी नारळ-पोफळीची वाडी नागाव आणि रेवदंडा यांच्या दरम्यान आहे. समोर सुरूचे बन आणि पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, मागे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे भाताची थोडी जमीन. गेली चौदा वर्षे आम्ही हिवाळ्यात तंबू लावणाऱ्यांना जागा देत आलो आहोत, त्यामुळे जे लिहितो ते अष्टागर म्हणतात त्या या अलिबाग-रेवदंड्याच्या किनारपट्ट्यापुरते आणि अनुभवावरून लिहितो.

पहिली गोष्ट अशी की, शेतकऱ्याला फोन कराल तेव्हा संडास-बाथरूम कसे आहे हे विचारण्याआधी त्या आठवड्यात वाडीत काय काम चालू असेल ते विचारा. हा प्रश्न विचारणारा पाहुणा आम्हाला लगेच ओळखू येतो, आणि त्याला आम्ही मोकळेपणाने खरे सांगतो. कसत्या, म्हणजे खरोखर पीक घेतले जाते अशा, वाडीत पाहुण्याचे वेळापत्रक कामाच्या वेळापत्रकात बसवावे लागते, उलट कधीच होत नाही. जानेवारीत आमच्याकडे पोफळीवरून सुपारी उतरत असते आणि खळ्यात वाळत असते, भात निघालेल्या जमिनीत उरलेल्या ओलीवर पेरलेला वाल शेंगांनी भरत असतो, आणि कार्ले, खंडाळे, नेहुलीकडे पांढऱ्या कांद्याचे वाफे हिरवेगार असतात. याच कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे आपण निवडलेला महिना उत्तम आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळच मी तंबूसाठी योग्य मानतो. ऑक्टोबरात भातकापणी असते, घरातल्या कोणालाच पाहुण्यांकडे पाहायला सवड नसते, आणि परतीच्या पावसाचा विजांचा कडकडाट उघड्यावर फार वाईट. मार्चनंतर विहिरी खाली जातात, किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ होते, आणि तंबूत दुपारी बसवत नाही. पावसाळ्यात तर तंबूचा विचारही करू नये.

आता जागा. मुंबईहून येणाऱ्या बहुतेकांच्या मनात दोन माडांच्या मधोमध, सावलीत लावलेल्या तंबूचे चित्र असते, आणि वाडीत तंबूसाठी सर्वांत वाईट जागा नेमकी तीच. सोडणासह, म्हणजे वरच्या काथ्याच्या जाड सालीसह, नारळाचे वजन सहज किलोभर भरते. पंधरा मीटर उंचीवरून तो सुटला तर जमिनीशी पोहोचताना त्याचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास असतो. तंबूचे कापड त्याला काय अडवणार? शिवाय पडतो तो केवळ नारळ नव्हे. वाळलेली झावळ वाऱ्याची झुळूकही नसताना, भर दुपारच्या शांततेत सुटून येते, आणि तिचा रुंद, जड बुडखा आधी खाली येतो. आठ वर्षांपूर्वी एका कुटुंबाने मी दाखवलेली जागा सोडून, ऊन लागते म्हणून, दुपारी तंबू उचलून माडाखाली नेला आणि सगळे समुद्रावर गेले. परत आले तेव्हा झावळीचा बुडखा तंबूच्या छतातून आत जाऊन मुलाच्या अंथरुणावर उभा रुतलेला होता. मुलाची आई बराच वेळ त्याच्याकडे नुसती पाहत उभी राहिली. त्या दिवसापासून मी तंबूची जागा चुन्याची रेघ मारून देतो, आणि ती मान्य नसेल तर जागा देत नाही. माड आपल्या डोक्यावर नसून बाजूला असला तरी तो झुकलेला कोणीकडे आहे ते पाहावे. खोडापासून झावळीच्या लांबीपेक्षा जास्त, म्हणजे किमान सात-आठ मीटर, अंतर हवेच.

यात एक बारकावा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले आणि अष्टागरापासून श्रीवर्धन, दापोलीपर्यंतच्या वाड्या आडव्या झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या झाडांनी गच्च असलेल्या वाडीत त्यानंतर प्रथमच मोकळे आकाश दिसू लागले, आणि ते मोकळे तुकडे पाहून पाहुण्यांना वाटते की तंबूसाठी ही आयती जागा आहे. तसे नाही. त्या तुकड्यांत नवी रोपे लावलेली आहेत. बाणवली या उंच वाढणाऱ्या जातीच्या नारळाला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, पोफळीलाही जवळपास तितकीच. गुडघ्याएवढे दिसणारे रोप तंबूच्या दोरीने मोडले, तर शेतकऱ्याची तीन-चार वर्षे जातात. शिवाय वादळात मुळे हलून तगलेले काही माड अजूनही तिरके उभे आहेत, त्यांच्या आसपासही राहू नये.

वाडीतले दुसरे संकट पाण्याचे. आमच्याकडे माड-पोफळींना पाटाने पाणी जाते. पाट म्हणजे जमिनीतली चार बोटे खोल चर, आणि ती कोरडी असताना नवख्याला ती दिसतही नाही. पूर्वी रहाटाने शिंपणे व्हायचे तेव्हा त्याचा आवाज तरी येत असे. आता पंपाचे बटण दाबले की काही मिनिटांत पाणी वाडीच्या शेवटच्या आळ्यापर्यंत पोहोचते. आमच्याच वाडीत, माझ्याच दुर्लक्षामुळे, दोन पाहुण्यांचा तंबू एका जुन्या पाटावर उभा राहिला होता आणि पहाटे साडेचारला मी पंप लावला. झोपलेल्या माणसाच्या पाठीखालून गार पाणी सरकत जाणे कसे असते, हे त्यांनी मला पुढचा तासभर समजावून सांगितले, आणि ते ऐकून घेणे माझे कामच होते. तंबू लावण्यापूर्वी शेतकऱ्याला पाट, दांड आणि आळी प्रत्यक्ष चालत दाखवायला सांगा, आणि शिंपण्याची वेळ विचारून ठेवा.

मग तंबू लावावा कोठे? माझे उत्तर ठरलेले आहे : वाडीच्या आत नव्हे, तर घराच्या खळ्यालगतच्या मोकळ्या अंगणात किंवा भात कापून झालेल्या आणि वाल न पेरलेल्या शेताच्या कडेला. अंगण मिळाले तर उत्तमच, कारण रात्री मुलाला काही झाले तर हाकेच्या अंतरावर माणूस असतो. शेतात लावणार असाल तर भाताची धसकटे तंबूचा तळ फाडतात, म्हणून आधी ती खुरप्याने काढून टाकावी आणि खाली झावळ्यांचे विणलेले झाप अंथरावेत. झाप मात्र अंथरण्यापूर्वी जोराने झटकून घ्यावेत. शेतातली माती जानेवारीत दगडासारखी घट्ट असते आणि खुंटी ठोकताना वाकते, तर वाडीतली आणि पुळणीलगतची जमीन रेताड, तिच्यात ठोकलेली खुंटी संध्याकाळच्या वाऱ्याने अलगद निघून येते. रेतीसाठी साधा उपाय आहे. नारळाचे अख्खे सोडण किंवा हातभर लाकडाचा तुकडा मधोमध दोरीने बांधून दीड फूट खोल आडवा पुरायचा आणि वरून रेती पायाने दाबायची. ताण लावलेली दोरी मग हलत नाही. वाऱ्याचे म्हणाल तर दुपारपासून सूर्यास्तानंतरच्या पहिल्या प्रहरापर्यंत पश्चिमेचा खारा वारा असतो, आणि मध्यरात्रीनंतर जमिनीकडून गार मतलई वारा सुरू होतो. झोपेच्या वेळी पूर्वेचा वारा लागणार हे लक्षात घेऊन तंबूची पाठ पूर्वेला करावी. दव इतके पडते की सकाळी तंबू धुऊन काढल्यासारखा दिसतो. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या तर आतल्या श्वासाच्या वाफेचे पाणी आतूनच ठिबकते, म्हणून वरची झडप उघडी ठेवावी.

समुद्राच्या बाजूने तंबू किती पुढे न्यावा, असेही बरेच जण विचारतात. पुळण कोणाच्या खाजगी मालकीची नाही, शेतकऱ्याला ती तुम्हाला देता येत नाही, म्हणून तेथे मुक्काम करूच नये. वाडीच्या पुढच्या कडेलाही एक खूण पाळावी. पुळणीवर जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची वेल पसरलेली दिसेल, तिला आम्ही मर्यादवेल म्हणतो. रोजच्या भरतीचे पाणी तिच्यापर्यंत येत नाही, पण उधाणाचे, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचे, पाणी तिला शिवून जाते, म्हणून तंबू तिच्या बराच अलीकडे, जमिनीच्या बाजूला असावा.

भरतीची वेळ काढायला मुलांना शिकवा, त्यांना ते फार आवडते. तिथीची पाऊणपट केली की या किनाऱ्यावरची भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि रात्री त्या सुमारास. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून पोहण्यापूर्वी छापील तक्ता पाहावाच, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी पाऊणकीचा पाढा म्हणत दर्या ओळखला तो असाच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. उधाणाच्या ओहोटीला अलिबागचा कुलाबा किल्ला चालत जाऊन पाहता येतो, मात्र पाणी फिरले की रेंगाळू नये, दरवर्षी कोणी ना कोणी तेथे अडकते. पाण्यात उतरायचे ते भरती चढत असताना, गुडघ्याएवढ्या पाण्यात. ओहोटीला पाणी बाहेर ओढते. रेवदंड्याला कुंडलिका समुद्राला मिळते, त्या मुखापाशी तर मुलांना पाण्यात अजिबात उतरवू नये.

आता ज्याबद्दल लोक विचारायला संकोचतात आणि ज्याबद्दल मी सर्वांत जास्त बोलतो, ते म्हणजे सरपटणारे प्राणी. कोकणात नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे चारही विषारी साप आहेत. तंबूत झोपणाऱ्याने विशेष जपायचे ते मण्यारीला, कारण ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिच्या दंशाची वेदना इतकी कमी असते की कित्येकदा माणूस जागाही होत नाही. पहाटे पोटात दुखू लागणे, पापण्या जड होणे, एवढीच खूण मिळू शकते. म्हणून तळ एकसंध शिवलेला आणि चेन पूर्ण बंद होणारा तंबूच आणावा, आणि चेन दिवसाही बंद ठेवावी. साप माणसासाठी येत नाही, उंदरासाठी येतो, आणि उंदीर जेथे दाणा आणि आडोसा असेल तेथे असतो. त्यामुळे पेंढ्याची उडवी, सोडणांचा ढीग, दगडी गडगा आणि लाकडांची रास यांपासून तंबू दूर हवा, आणि बिस्किटाचा पुडाही आत ठेवू नये, नाहीतर उंदरापूर्वी माकडेच तंबू फाडतील. रात्री बाहेर पडताना पायात बूट आणि हातात विजेरी हवी. बूट घालण्यापूर्वी झटकावेत, कारण सोडणाखाली आणि दगडाखाली विंचू असतात. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी मुले दगावत असत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून ते मृत्यू कसे रोखता येतात हे दाखवून दिले, पण औषध वेळेत मिळाले तरच उपयोग. दंश झाल्याची शंका जरी आली तरी बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काही न करता, रोग्याला चालू न देता, १०८ क्रमांकावर फोन करावा किंवा घरातल्या गाडीने थेट अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जावे. शेतकऱ्याच्या घरी रात्री गाडी असते का, हेही आधीच विचारून ठेवा.

पाण्याचा हिशेब मात्र मनापासून पाळावा. किनाऱ्यालगतच्या विहिरीत गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर चढते, मग ते पोफळींना चालत नाही. दोन कुटुंबांनी शॉवर असल्यासारख्या अंघोळी केल्या तर तो भार कोणावर पडतो हे यावरून कळेल. बादलीने अंघोळ करा, साबणाचे पाणी विहिरीपासून लांब, केळीच्या बुडाशी सोडा, आणि घराचाच संडास वापरा. रेताड जमिनीत खड्डा खणून केलेली सोय विहिरीत उतरायला वेळ लागत नाही.

मुलांच्या कामाविषयी आपण आस्थेने विचारले आहे, त्याचा मला आनंद वाटला. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना करता येण्यासारखे पुष्कळ आहे : पोफळीखाली पडलेली सुपारी वेचणे, वालाच्या शेंगा तोडणे, झावळीचे हीर काढून केरसुणी बांधणे, आणि फावड्याने पाट एका आळ्यातून दुसऱ्या आळ्याकडे वळवणे. शेवटचे काम मुले सोडायलाच तयार नसतात. पाणी आळ्यात शिरते, कडेच्या रेतीचा रंग गडद होत जातो, भरले की मातीचा बांध घालून पुढचे तोंड फोडायचे, आणि हे सगळे आपल्या हाताने होते आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. मुलांना कोयता, पंप आणि विहिरीचा काठ यांच्या जवळ जाऊ देऊ नये. नारळ उतरवायचा दिवस आमच्याकडे दीड-दोन महिन्यांनी येतो. तो आपल्या मुक्कामात आला तर वर चढलेला माणूस खाली उतरेपर्यंत वाडीत कोणीही पाऊल टाकायचे नाही. अंगणातून पाहावे, तेही पुरेसे विलक्षण असते. आणि ओली सुपारी कोणालाही, मोठ्यांनाही, तोंडात टाकू देऊ नका. सुपारी लागते, म्हणजे घाम फुटतो, छाती धडधडते आणि डोके गरगरते. खळ्यात वाळत घातलेल्या सुपारीवरून मुले धावली की ती रस्त्याच्या धुळीत जाते. चाळीस-पंचेचाळीस दिवस रोज पसरून आणि संध्याकाळी दवापासून झाकून ती वाळते, हे त्यांना एकदा सांगितले की पुरते.

एक रात्र पोपटीसाठी, म्हणजे शेतात मडक्यात भाजलेल्या शेंगांच्या जेवणासाठी, राखून ठेवा. शेकोटीपेक्षा मी हेच सुचवतो, कारण ते या मातीचे आणि याच दिवसांचे आहे. मडक्याच्या तळाला भांबुर्डी या उग्र वासाच्या रानवनस्पतीचा पाला दाबून भरायचा, मग वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, वांगी, हवी असल्यास मीठ-मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी, ओवा आणि जाडे मीठ, आणि तोंडाशी पुन्हा पाला घट्ट कोंबायचा. पाणी घालायचे नाही. शेतात मडके उपडे ठेवून भोवती सुकी पाने, काटक्या आणि झावळ्या पेटवायच्या. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा थेंब टाकावा, चर्र करून लगेच उडाला की झाले. भांबुर्डीचा तो उग्र, ओव्यासारखा वास शेंगांत उतरलेला असतो. जागा मात्र शेतकरी दाखवील तीच, नांगरट किंवा मोकळ्या शेतात. सुरूच्या बनात काडीही ओढू नये, तिथल्या सुकलेल्या सुया पेट्रोलसारख्या पेटतात. दोन बादल्या पाणी जवळ हवे, आणि राख हात लावून गार लागेपर्यंत कोणी झोपायला जाऊ नये.

पैशांचे आधीच स्पष्ट ठरवावे. जागा, पाणी, संडास आणि घरचे जेवण यांचे वेगवेगळे सांगितले तर दोघांनाही बरे पडते. जाताना नारळ, सुपारी, वाल आमच्याकडूनच विकत घेतलेत तर त्याचा आम्हाला जागेच्या भाड्यापेक्षा जास्त उपयोग होतो. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची सोय झाली. नोंदणी आहे का हे विचारण्यात गैर काही नाही, पण नोंदणी नसलेला शेतकरी वाईट असतो असेही नाही. त्यापेक्षा त्याने तुम्हाला जागा चालत दाखवली का, हे पाहावे.

आणि निघण्याच्या दिवशी तंबूच्या खुंट्या मोजा. आणताना मोजलेल्या असतील तरच परत मोजता येतील, म्हणून घरूनच आकडा लिहून आणा. शेतात राहिलेली एक लोखंडी खुंटी पावसाळ्यात लावणीआधीच्या चिखलणीच्या वेळी बैलाच्या खुरात जाते किंवा पॉवर टिलरचे पाते मोडते, आणि तेव्हा लावणीच्या दिवसांत आमच्याकडे थांबायला वेळ नसतो. खुंटी सापडली नाही तर तसे सांगून जा. जागा दाखवलीत तर आम्ही लोहचुंबक फिरवून शोधून काढू.